आधी चाक, मग इंजिन

दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेली ११० सीसीची स्कूटर आज अनेक घरांत थकली आहे. शॉकअ‍ॅब बसलेले, पावसाळ्यात सेल्फ दमलेला, लायनर बदलूनही ब्रेक पूर्वीसारखा न लागणारा. पंधरा वर्षांच्या नोंदणीची मुदत जवळ येते आहे आणि पुढे फेरनोंदणी, हरित कर, नव्या नंबरप्लेटची धावपळ दिसते आहे. अशा वेळी माणूस शोरूममध्ये जातो तेव्हा त्याला तीच जुनी स्कूटर नव्या रंगात नको असते. त्याचे वय वाढलेले असते, कंबर बोलू लागलेली असते, ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलेले असते. समोर रुंद पोटाची, मोठ्या काचेची, सोफ्यासारख्या सीटची मॅक्सी स्कूटर उभी असते, आणि विक्रेता सीसी व अश्वशक्तीचे आकडे सांगू लागतो. माझे म्हणणे असे की जुनी स्कूटर बदलून मॅक्सी घेण्याचा विचार अजिबात चुकीचा नाही, पण तो बहुतेक वेळा चुकीच्या कारणासाठी केला जातो. आपल्या रस्त्यांवर मॅक्सीचा खरा उपयोग वेगासाठी नाही. तो आहे चाकाच्या आकारासाठी आणि ब्रेकसाठी. ज्या गाडीत या दोन गोष्टी नाहीत तिच्या रुंद देहासाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नये.

मॅक्सी स्कूटर हा प्रकार कुठल्या गरजेतून आला ते आधी पाहायला हवे. होंडाने १९८६ मध्ये २५० सीसीची लांब, बसकी फ्यूजन आणली. १९९५ मध्ये यामाहाची मॅजेस्टी आली, १९९८ मध्ये सुझुकीची ४०० सीसीची बर्गमन आणि २००१ मध्ये यामाहाची ५०० सीसी, दोन सिलिंडरची टीमॅक्स. उपनगरातून शहरात रोज तीस-चाळीस किलोमीटर येणारा जपानी किंवा इटालियन नोकरदार हा या गाड्यांचा गिऱ्हाईक होता. त्याच्या वाटेत द्रुतगती मार्ग होता आणि त्यावर दुचाकीला मुभा होती. ताशी शंभराच्या वेगाने ट्रकच्या शेजारून जाताना वारा अंगावर येऊ नये म्हणून मोठी काच, गाडी डुलू नये म्हणून लांब चाकांतर, आणि मागे टाकून पुढे निघता यावे म्हणून मोठे इंजिन. जपानने २००५ मध्ये द्रुतगती मार्गांवर दुचाकीवरून दोघांना जायला परवानगी दिली आणि त्याच वर्षी बिनगिअरच्या मोठ्या दुचाकींसाठी वेगळा परवाना सुरू केला. तिथे ही गाडी त्या रस्त्यासाठीच घडली होती.

महाराष्ट्रात तो रस्ताच दुचाकीला बंद आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी नेता येत नाही, समृद्धी महामार्गावर नाही, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर नाही, अटल सेतूवर नाही, मुंबईच्या सागरी किनारा मार्गावरही नाही. जिथे मोठ्या इंजिनाची मॅक्सी आपले गुण दाखवू शकली असती, ते सगळे मार्ग तिच्यासाठी वर्ज्य आहेत. या बंदीचे समर्थन करता येते, तिला विरोधही करता येतो. गाडी निवडणाऱ्याने मात्र ती आहे असे धरूनच चालायला हवे. उरतात ते जुना मुंबई-पुणे महामार्ग, राज्य मार्ग, शहरातले रस्ते आणि घाट. तिथे रोजचा वेग तीस ते साठच्या दरम्यान असतो. या वेगाला ११० सीसीचे इंजिनही पुरते. पुरत नाही ते चाक. पेव्हर ब्लॉकच्या फटी, रस्त्यापेक्षा चार बोटे खाली गेलेले चेंबरचे झाकण, पाइपलाइनसाठी खणून अर्धवट बुजवलेले चर, पावसाने उघडी पडलेली खडी, हे सगळे रोज चाकालाच झेलावे लागते.

चाकाचा हिशेब साध्या भूमितीने करता येतो. जुन्या ११० सीसीच्या स्कूटरला सहसा दोन्हीकडे दहा इंची चाके आणि ९०/१०० मापाचा टायर असतो. टायर धरून त्या चाकाची त्रिज्या सुमारे २१७ मिलिमीटर भरते. यामाहा एरॉक्स १५५ ला पुढे ११०/८० मापाचा चौदा इंची टायर आहे, त्याची त्रिज्या सुमारे २६६ मिलिमीटर. समोर फूटभर, म्हणजे तीस सेंटिमीटर लांबीचा, सरळ काठाचा खड्डा आहे असे समजा. टायरची दबण्याची क्षमता बाजूला ठेवली तर दहा इंची चाक त्यात सुमारे ६० मिलिमीटर उतरते आणि चौदा इंची सुमारे ४६ मिलिमीटर. फरक जवळपास एक चतुर्थांशाचा. ही जादू नाही. मोठा खड्डा चौदा इंची चाकालाही दणका देतोच. पण दिवसातून शंभर वेळा बसणाऱ्या धक्क्यातला चौथा हिस्सा कमी होणे म्हणजे पाठीच्या मणक्याला, मनगटाला, हँडलच्या बेअरिंगला आणि सस्पेन्शनला वर्षभरात किती दिलासा मिळतो, याचा विचार व्हावा. शिवाय होंडाच्या अ‍ॅक्टिव्हासारख्या जुन्या स्कूटरचे चाकांतर १२३८ मिलिमीटर आणि एरॉक्सचे १३५०. पुढचे चाक खड्ड्यातून बाहेर पडल्यावर मागचे आत जाईपर्यंत गाडीला सावरायला थोडा जास्त अवकाश मिळतो आणि गाडी कमी उसळते.

हाच हिशेब बाजारात सर्वांत जास्त दिसणाऱ्या मॅक्सीला लावून पाहावा. सुझुकीची बर्गमन स्ट्रीट १२५ भारतात २०१८ मध्ये आली आणि मॅक्सीचा आकार सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय तिलाच द्यायला हवे. सीट ऐसपैस, इंजिन मऊ, सुझुकीच्या १२५ सीसी इंजिनाबद्दल मेकॅनिकही चांगले बोलतात. पण तिच्या मूळ रूपात पुढे बारा इंची आणि मागे दहा इंची चाक आहे, आणि मागच्या टायरचे माप तेच, ९०/१००. म्हणजे त्याच खड्ड्यात पुढचे चाक सुमारे ५५ मिलिमीटर उतरते आणि मागचे जुन्या स्कूटरइतकेच, ६० मिलिमीटर. आपल्याकडे स्कूटरवर मागे कोण बसते? बहुतेक वेळा बायको, आई, वडील, शाळेतून आणलेले मूल. डबलसीट बसणाऱ्याचे वजन जवळजवळ थेट मागच्या चाकावर येते, त्याला पकडायला हँडल नसते आणि पुढचा खड्डा दिसत नसतो, त्यामुळे धक्क्याआधी अंग सावरणेही त्याला जमत नाही. चालवणाऱ्याला मोठ्या गाडीचे समाधान मिळते आणि मागच्याला जुनाच दणका. सुझुकीने २०२२ च्या अखेरीस बर्गमनची ईएक्स आवृत्ती आणली आणि तिला मागेही बारा इंची, जास्त रुंद टायर दिला. हे कंपनीनेच केलेले दुरुस्तीचे काम आहे. ज्याला बर्गमन घ्यायची आहे त्याने ईएक्सच घ्यावी, असे मी ठामपणे म्हणेन.

आता ब्रेक. स्कूटरच्या जाहिरातीत सर्वांत कमी जागा मिळणारी आणि सर्वांत जास्त महत्त्वाची ही गोष्ट. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यातली ७४ हजार ८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरातली चव्वेचाळीस. प्रत्येक मृत्यू ब्रेकमुळे झाला असे कोणी म्हणणार नाही. हेल्मेट नसणे, उलट दिशेने येणारी वाहने, रात्री उभे असलेले बिनदिव्याचे ट्रक अशी कितीतरी कारणे त्यात आहेत. पण ओल्या रस्त्यावर, सांडलेल्या डिझेलवर किंवा वाळूवर पुढचा ब्रेक जोरात दाबला आणि चाक लॉक झाले की दुचाकी क्षणात आडवी होते. सावरायला वेळच मिळत नाही. एबीएस हे नेमके रोखते: चाक थांबू लागल्याचे कळताच ब्रेकचा दाब सोडून पुन्हा लावते, सेकंदात अनेक वेळा. सीबीएस, म्हणजे एक लिव्हर दाबल्यावर दोन्ही चाकांना ब्रेक लावणारी व्यवस्था, हे करू शकत नाही. ती दाब वाटून देते, एवढेच. ज्यांचा हात फक्त मागच्या ब्रेकवर जातो त्यांच्यासाठी सीबीएस उपयोगी आहे, अ‍ॅक्टिव्हावर ती २००९ पासून होतीच. पण लॉक होणाऱ्या चाकावर तिच्याकडे उपाय नाही.

कायद्याने या दोन व्यवस्थांमध्ये १२५ सीसीवर रेघ ओढली आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे आहे. १२५ आणि त्याखालच्यांना सीबीएस दिली तरी चालते. या रेघेमागे वेगाचा विचार असणार: मोठे इंजिन जोरात पळते, म्हणून त्याला चांगला ब्रेक. महामार्गापुरते ते पटतेही. पण पुण्याच्या ओल्या लक्ष्मी रोडवर चाळिशीने जाणाऱ्या दोन स्कूटरमध्ये इंजिनाच्या आकाराने काय फरक पडतो? टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण सीसी विचारत नाही. परिणाम असा की ज्या घराला फक्त सुरक्षित ब्रेक हवा आहे, त्याला न लागणारे मोठे इंजिन विकत घ्यावे लागते, आणि त्या इंजिनाबरोबर येणारे सगळे खर्चही. थर्ड पार्टी विम्याचे २०२२ मध्ये ठरलेले दर पाहा. ७५ ते १५० सीसीच्या नव्या दुचाकीला पाच वर्षांचा सक्तीचा हप्ता ३,८५१ रुपये, आणि १५० च्या वर, ३५० पर्यंत ७,३६५. एरॉक्स १५५ सीसीची, हिरोची झूम १६० त्याहून किंचित मोठी. पाच-सहा सीसीसाठी हप्ता जवळपास दुप्पट. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी सरसकट २८ वरून १८ टक्क्यांवर आला; करात १२५ किंवा १५० सीसीवर असा भेद नाही. विम्यात आणि ब्रेकच्या नियमात तो आहे.

घाटाचा मुद्दा यातच येतो आणि त्याची चर्चा फारच कमी होते. गिअरची मोटरसायकल उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की इंजिनच गाडीला धरून ठेवते. स्कूटरमध्ये गिअर नाही; बेल्ट आणि दोन कप्प्यांची स्वयंचलित रचना आहे. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाची पकड ढिली असते आणि वेग फारच कमी झाला की क्लच सुटून गाडी मोकळी घरंगळते. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या उतारावर डबलसीट आणि सामान घेऊन उतरताना सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम ब्रेक बंद डब्यात असतो, तो तापतो आणि तापला की त्याची पकड कमी होते. डिस्क उघड्या हवेत असल्यामुळे लवकर निवते. म्हणून कधीतरी कोकणात किंवा महाबळेश्वरला जाण्यासाठी मॅक्सी घेणाऱ्याने पुढची डिस्क किती मोठी, मागे काय आहे, हे इंजिनाच्या आधी विचारावे. एरॉक्सला पुढे २३० मिलिमीटरची डिस्क आणि एबीएस आहे, पण मागे ड्रम. झूम १६० मध्येही मागे ड्रमच. दीड लाखाच्या आसपासच्या गाडीत मागे डिस्क न देणे ही कंपन्यांची कंजुषी आहे, दुसरा शब्द मला सापडत नाही.

मग घ्यावी कोणती? एकट्याने रोज लांबचे अंतर कापणारा, पंचवीस-तीस किलोमीटर जाऊन तेवढेच परत येणारा आणि उंचीने मध्यम किंवा त्याहून जास्त असलेला माणूस एरॉक्सकडे वळला तर बरोबर. चौदा इंची चाके, १२६ किलो वजन, पाण्याने थंड होणारे १५ अश्वशक्तीचे इंजिन, एबीएस. या किमतीत हा मेळ चांगला आहे. उणे बाजू अशी की मागचे सस्पेन्शन कडक आहे, टाकी साडेपाच लिटरचीच आहे आणि मागची सीट उंच पायरीची आहे. झूम १६० ची चाकेही चौदा इंची, पण वजन १४० किलोच्या पुढे. बारामतीत बनलेली एप्रिलिया एसएक्सआर १६० बसायला आरामशीर, ब्रेकला एबीएस, मात्र चाके बारा इंची आणि सेवा केंद्रांचे जाळे सुझुकी-होंडाइतके दाट नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने हा मुद्दा हलका घेऊ नये. बीएमडब्ल्यूची सी ४०० जीटी २०२१ मध्ये भारतात आली तेव्हा तिची किंमत ९ लाख ९५ हजार रुपये होती आणि वजन २१४ किलो. ती उत्तम गाडी आहे, पण जुनी स्कूटर बदलणाऱ्या घराचा तो प्रश्नच नाही.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप घरातून येतो. आपली स्कूटर क्वचितच एकाची असते. सकाळी मुलगी कॉलेजला नेते, दुपारी आई भाजी आणते, संध्याकाळी वडील डॉक्टरकडे जातात. सपाट फूटबोर्डवर गॅसची टाकी येते, वीस लिटरचा पाण्याचा जार येतो, गहू दळायला नेलेला डबा येतो. साडीत बसून चालवता येते, गुडघे दुखणाऱ्याला पाय न उचलता चढता येते. एरॉक्ससारख्या गाडीत दोन पायांच्या मधून उंच कणा जातो, त्यात पेट्रोलची टाकी असते. फूटबोर्ड संपला, टाकी-जार संपले, साडी नेसून चालवणेही जवळजवळ संपले. सीट ७९० मिलिमीटर उंच, म्हणजे पाच फुटांच्या आसपास उंचीच्या बाईला सिग्नलला दोन्ही पाय टेकवणे अवघड. वाड्याच्या बोळातून किंवा सोसायटीच्या खचाखच पार्किंगमधून सव्वाशे किलोची गाडी मागे ओढून काढणे ज्येष्ठांना जमत नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. गाडी घरातल्या तिघांनी वापरायची असेल तर एरॉक्स किंवा झूम १६० घेऊ नये, चाके कितीही मोठी असोत. ज्या गाडीवर घरातल्या बाईला बसता येत नाही ती गाडी घरासाठी घेतली असे म्हणताच येत नाही, आणि आपल्याकडे स्कूटर हे बाईच्या स्वतंत्र हालचालीचे कितीतरी वर्षांचे साधन आहे. ते काढून घेऊन पुरुषाची कंबर वाचवणे हा न्याय्य व्यवहार नाही. अशा घरासाठी बर्गमन ईएक्स, नाहीतर मॅक्सीचा हट्ट सोडून दोन्हीकडे बारा इंची चाके असलेली साधी १२५ सीसीची स्कूटर. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आलेली टीव्हीएसची एनटॉर्क १५० हाही एक मधला मार्ग आहे: एबीएस आहे, चाके बारा इंची आहेत, आणि इंजिन १४९.७ सीसीचे असल्याने विम्याचा हप्ता खालच्या टप्प्यातला.

दुसरा आक्षेप तर्काने जास्त अवघड आहे. चाकच महत्त्वाचे असेल तर सरळ मोटरसायकल घ्या, तिची चाके सतरा-अठरा इंची असतात, किंमत कमी आणि अ‍ॅव्हरेज जास्त. खड्ड्यापुरते बोलायचे तर हे निर्विवाद खरे आहे. खेड्यातून रोज तालुक्याला जाणारा माणूस मोटरसायकलच घेतो आणि तो शहाणपणाने घेतो. पण शहरात दर पन्नास मीटरवर क्लच दाबून डावे मनगट सुजवणे, सीटखाली हेल्मेट किंवा पिशवी ठेवायला जागा नसणे, पावसात पुढून सगळा चिखल पायांवर घेणे, हा त्या चाकांचा मोबदला आहे. चौदा इंची मॅक्सी दोन्हींच्या मधली आहे: एरॉक्सची डिकी साडेचोवीस लिटरची आहे, एक मोठे हेल्मेट त्यात मावते. पन्नाशीच्या पुढच्या, रोज गर्दीतून जाणाऱ्या माणसाला हा मधला पर्याय उपलब्ध असायला हवा.

खर्चाचा आक्षेप थोडक्यात संपतो. समजा जुनी गाडी लिटरला ४५ किलोमीटर देते आणि नवी ३८. वर्षाला आठ हजार किलोमीटर धरले तर साधारण ३३ लिटर जास्त लागतात, शंभराच्या वरच्या भावाने साडेतीन हजार रुपये. विम्यातला फरक आणि किमतीवरचे जास्तीचे तीस-चाळीस हजार धरूनही, दहा वर्षे वापरायच्या गाडीसाठी ही रक्कम मोठी असली तरी अशक्य नाही. मात्र ज्याचे रोजचे येणे-जाणे दहा किलोमीटरच्या आत आहे त्याने यात पडूच नये. त्याने जुन्या गाडीला नवा बेल्ट, रोलर, दोन चांगले ट्युबलेस टायर आणि नवे शॉकअ‍ॅब घालावेत. काही हजारांत ती आणखी तीन-चार वर्षे नीट चालेल.

ती तीन-चार वर्षे थांबण्यात शहाणपण आहे, कारण नियम बदलण्याच्या हालचाली आहेत. जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने इंजिन केवढेही असो, सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे करण्याचा मसुदा काढला आणि त्यात १ जानेवारी २०२६ ही तारीख सुचवली होती. किंमत वाढेल, सुटे भाग पुरणार नाहीत, ही यावरची नेहमीची हरकत. किंमत वाढेल हे खरेच. पण ज्या देशात रस्त्यावर मरणाऱ्यांत जवळपास निम्मे दुचाकीवरचे आहेत, तिथे स्वस्त गाडीचा स्वस्तपणा कुठल्या हिशेबात मोजायचा? हप्ता थोडा वाढला तर घर तो भरते. कमावता माणूस गेला तर ते घर उभे राहत नाही. या मसुद्यावर ढिलाई होऊ नये यासाठी ग्राहक संघटनांनी आणि राज्यातल्या खासदारांनी आवाज उठवायला हवा. त्याच्या जोडीला १५० सीसीवरची विम्याची पायरी सुरक्षेच्या निकषावर पुन्हा आखावी, म्हणजे एबीएस असलेल्या गाडीला हप्त्यात सवलत मिळावी. आज नेमके उलटे घडते आहे.

चाकाचीही तीच गोष्ट. लहान इंजिनाला मोठे चाक बसत नाही, डिकी लहान होते, असे कंपन्या सांगत आल्या आहेत. पियाजिओने बारामतीच्या कारखान्यात बनवलेल्या एप्रिलिया एसआर १२५ ला चौदा इंची चाके दिली होती, त्याही सपाट फूटबोर्डसह. बंगळुरूच्या रिव्हर कंपनीची इंडी ही विजेवरची स्कूटर चौदा इंची चाकांवर उभी आहे आणि तिच्या सीटखाली ४३ लिटरची जागा आहे. म्हणजे सपाट फूटबोर्ड, मोठे चाक आणि ऐसपैस डिकी या तिन्ही गोष्टी भारतात बनलेल्या गाड्यांत आलेल्या आहेत, फक्त एकाच पेट्रोल स्कूटरमध्ये, एबीएससह आणि बुटक्या माणसालाही झेपेल अशा सीटवर त्या कोणी एकत्र आणलेल्या नाहीत. अशी १२५ सीसीची गाडी उद्या शोरूममध्ये आली तर वर सांगितलेल्या बहुतेक गाड्यांची या राज्यातल्या बहुतेक घरांना गरज उरणार नाही. ती येईपर्यंत शोरूममध्ये जाणाऱ्याने ट्रायल एकट्याने गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नये. जी व्यक्ती रोज मागे बसणार आहे तिला सोबत न्यावे, शेजारच्या खोदलेल्या गल्लीतून एक फेरी मारावी, नंतर तिलाच गाडी स्टँडवरून काढायला सांगावी, आणि बुकिंगचे पैसे तिने होकार दिल्यावर भरावेत.